पायली म्हणजे साडेतीन किलो

बायडाबाई माझी थोरली जाऊ. मी त्यांना अक्का म्हणते. जावेचं कौतुक करणारी बाई तुम्ही बघितली नसेल, तर आज बघून घ्या. नाना पेठेतून लग्न करून मी धानोरीत आले तेव्हा पहिले सहा महिने आमचं एकमेकींशी पटलं नाही, हेही सांगून टाकते. मी बोलायची फटकळ आणि अक्का बोलायच्याच नाहीत. पण अक्का पाचशे माणसांचा स्वयंपाक कसा करतात ते मी एकदा बघितलं आणि गपगुमान त्यांच्या हाताखाली कांदे चिरायला बसले. ती मी आजतागायत उठलेली नाही.

त्यांची सुरुवातच ऐका. धानोरीतलंच कुणाचं तरी लग्न होतं. हळदीच्या दिवशी आचारी पिऊन पडला. मांडवात रडारड सुरू झाली, नवऱ्यामुलाकडची माणसं विश्रांतवाडीपर्यंत येऊन ठेपली, आणि एकोणीस वर्षांच्या अक्का पदर खोचून चुलीपुढे उभ्या राहिल्या. "तांदूळ कुटं हाय?" एवढंच विचारलं म्हणे. त्या दिवसापासून आळंदी रोडच्या दोन्ही बाजूंना कुठल्याही आळीत लग्न असो, बारसं असो, नाहीतर बुद्धविहारातला मंगल परिणय असो, चुलीवर अक्का! माझे दीर गेनबा भावजी शेती बघायचे आणि अक्का गाव जेवू घालायच्या.

मोजायला त्यांच्याकडे एक पितळी पायली. सरकारनं शेर, मण, पायल्या मोडीत काढून किलो-लिटर आणले तेव्हा अक्का परकर-पोलक्यात होत्या. देश बदलला, दुकानं बदलली, अक्का बदलल्या नाहीत. लग्नघरातून किलोंची पोती यायची आणि अक्का ती पायलीनं पुन्हा मोजायच्या. पन्नास पानांना पायलीभर तांदूळ. वीस माणसांना पायलीभर पोहे. आणि प्रत्येक पायली वर शीग लावून, म्हणजे धान्याचा ढीग काठाच्या वर चढलाच पाहिजे. सपाट मापाला अक्का माप म्हणतच नाहीत. "उपाशी उठलेल्या मान्साचा तळतळाट लागतो," म्हणायच्या. बायडाबाईच्या पंगतीतून माणूस उपाशी उठलं, असं कधी झालं नव्हतं.

मग काय, दोन हजार साल उजाडलं आणि लग्नं कार्यालयात गेली. तिथं कार्यालयाचाच केटरर, टाय लावलेले वाढपी, आणि ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायचं. रावणाच्या राज्यातही असं जेवले नसतील! भावजींची शेती विकली जाऊन तिथं इमारती उभ्या राहिल्या होत्या. आम्ही अक्का धरून आठ बायका. वर्षाकाठी चार-पाच कामं यायची, तीही बारशाची. आमच्यातली शालू फ्लॅटमध्ये भांडी घासायला जायला लागली. द्वारकानं तर सांगूनच टाकलं, "अक्का, म्या दिवाळीपातूर थांबते. मंग न्हाई." त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. आम्ही आठजणी विखुरलो की अक्कांची चूल संपली, एवढी साधी गोष्ट होती.

आणि अशात आम्रपालीचा फोन आला!

आम्रपाली विश्रांतवाडीची, तिचे वडील पोस्टात होते. तिच्या भावाच्या लग्नात अक्कांचा स्वयंपाक होता. पोरगी शिकली आणि विमाननगरला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर लागली. इमारतीची सगळी व्यवस्था तिच्याकडे. म्हणाली, "नंदाताई, आमचं कॅन्टीन द्यायचंय. रोजचा नाश्ता आणि जेवण, बारा महिने. अक्कांना विचाराल का?" मी फोनवरच किंचाळले. विचाराल का म्हणे! बारा महिने! एका दिवसाची चाचणी घ्यायची आणि जमलं तर काम आमचं.

"फक्त एक आहे," ती म्हणाली. "सामान कंपनीच्या कोठारातून मिळेल, पण वजनावर. काय किती किलो हवं ते आदल्या दिवशी सांगायचं. तीनशे माणसं. उरायला नको आणि कमी पडायला नको. आमचे वरचे साहेब रोज उरलेलं अन्न वजन करून बघतात."

"वजनावर" ऐकून अक्कांचं तोंड उतरलं. पण मी नाना पेठेची! म्हटलं, त्यात काय एवढं? आम्ही पायली घेऊन गावातल्या मच्छिंद्रच्या किराणा दुकानात गेलो. त्याच्याकडे लाल आकडे दाखवणारा नवा काटा आला होता. अक्कांनी पायलीभर तांदूळ मोजले, मच्छिंद्रनं ते काट्यावर ओतले. साडेतीन किलो! मग तूरडाळ मोजली. तीही साडेतीनच्या आसपास. अक्कांचा चेहरा असा खुलला म्हणता! "आगं, मंग सोपं हाय की! पायली म्हंजी साडेतीन किलो!" वाटेत भेटेल त्याला सांगत सुटल्या. देवळापुढे बसलेल्या भावजींना सांगितलं, शालूच्या सासूला सांगितलं. घरी येऊन तोंडी हिशेब केला. पोहे पंधरा पायल्या, म्हणजे साडेबावन्न किलो. मी फोनवर सगळं भराभर सांगून टाकलं आणि कोठार सांभाळणाऱ्या साईनाथनं तिकडे टिपून घेतलं.

तुमच्या ध्यानात आलं असेल. आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

चाचणीच्या दिवशी पहाटेच आमचा टेम्पो कंपनीच्या दारात. सगळी काचेची इमारत, दिव्यांनी लखलखलेली. अक्कांच्या पिशवीत फडक्यात बांधलेली पायली होती. तिच्यावरून दारातलं यंत्र पींपीं करायला लागलं. सुरक्षारक्षक धोंडिबा काका लोहगावचे निघाले. त्यांनी फडकं सोडून बघितलं आणि हसले. "पायली हाय व्हय! लई दिसानं बघितली. जावा आत." आमचा स्वयंपाक तळघरात, मागचं दार उतारानं बाहेर निघणारं, आणि कॅन्टीन वर. गॅसच्या शेगड्या अशा की द्वारका त्यांना हात लावायलाच घाबरेना, मग लावल्यावर सोडेना.

अक्कांनी कामं वाटून दिली. स्वतः कांदे, बटाटे, फोडणी बघायला उभ्या राहिल्या. द्वारकाला सांगितलं, मागच्या मोरीवर जाऊन पोहे धू. द्वारका म्हणजे सांगकामी. धू म्हटलं की धूतच राहणार. बरं, पोहे खोक्यांमध्ये बंद आले होते, त्यामुळे किती आहेत ते अक्कांच्या नजरेला पडलंच नाही. आणि थोड्या वेळानं मागून हाक आली:

"अक्काऽ, घमेली संपली!"

मी धावत गेले आणि दारातच थबकले. घमेल्यांत पोहे, पराती भरून पोहे, टोपल्यांत पोहे, मोठ्या पातेल्यांत शीग लावलेले ओले पोहे, आणि मधोमध द्वारका हात पुसत उभी. "आजून दोन खोकी ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "पण ठिवू कशात?"

अक्का मागून आल्या. त्यांनी एकदा बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आगं बया बया बया! हे तीन लग्नांचं हाय!"

आता चूक कळली. तांदूळ जड, पोहे हलके! पायलीभर पोहे म्हणजे जेमतेम सव्वा किलो. आम्ही पोह्यांना तांदळाचं वजन लावून बसलो होतो. मी धावत कोठारात गेले. साईनाथला विचारलं, "अहो, तीनशे माणसांना एवढे पोहे लागतात का हो? तुम्ही तरी बोलायचं!" तर त्यानं शांतपणे चहाचा घोट घेतला. "मी कोठार सांभाळतो. पोहे कोण किती खातं ते मला कसं कळणार?" असा राग आला ना! पण बरोबरच होतं त्याचं.

भिजलेले पोहे काही वाळवून परत खोक्यात भरता येत नाहीत. अक्कांनी पदर खोचला. "रडत बसायचं न्हाई. फोडणी वाढवा!" आणि मग जी धावपळ झाली! तेल तापतंय, मोहरी तडतडतीय, शालू हिरव्या मिरच्या चिरताना खोकतीय, मी लिंबं पिळतीय. वर तीनशे माणसांनी नाश्ता केला आणि दुसऱ्यांदा मागून खाल्ला. एक पोरगा तर खाली येऊन म्हणाला, "आँटी, सुपर!" पण खाली दुपटीनं पोहे उरले होते, ते तसेच वाफाळत पडलेले.

"अक्का, टेम्पो मागच्या दाराला लावते," मी कुजबुजले. "गोठ्यात नेऊन टाकू. कुणाला कळायचं नाही."

"आन्न गोठ्यात?" अक्कांनी डोळे वटारले. तेवढ्यात त्यांचं लक्ष मागच्या दाराबाहेर गेलं. तिथं भिंतीच्या सावलीला माणसं बसली होती. झाडलोट करणाऱ्या बायका, माळी, गाड्यांचे ड्रायव्हर, रात्रपाळी संपवून निघालेले रक्षक. कुणी बिस्कीट खातंय, कुणी कोरडी चपाती. धोंडिबा काकाही होते.

"काका, तुमी वर न्हाई का जात नाष्ट्याला?" अक्कांनी विचारलं.

"आमचं कार्ड चालत न्हाई तिथं," काका म्हणाले. "आमी एजन्सीची मान्सं."

अक्कांना एजन्सी कळली नाही, पण कोरडी चपाती कळली. "नंदे, ताटल्या आण!" आणि मागच्या दारात पंगत बसली. कुणी उभं, कुणी पायरीवर. अक्का डावानं वाढतायत, वर शीग चढवतायत, वर आणखी खोबरं. एक झाडणारी बाई म्हणाली, "चार वर्सं या बिल्डिंगीत हाय, हितला पयला घास आज खाल्ला." असे साठजण झाले, आणि उरलेले पोहे घरी न्यायला त्यांच्या डब्यांत, पिशव्यांत भरले जात होते. मला खरं सांगायचं तर त्या वेळी आनंदबिनंद काही झाला नाही. माझं सगळं लक्ष लिफ्टच्या दाराकडे.

आणि लिफ्टमधून आम्रपालीच आली. तिनं पोहे बघितले, पंगत बघितली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, नाश्ता वर सगळ्यांना आवडला. पण सामान तिप्पट निघालंय. आणि ही माणसं आपल्या मोजणीत नाहीत. एजन्सी त्यांना पैसे देते, त्यांचं जेवण कंपनीकडे नाही." ती थांबली. "जेवणही असंच झालं तर मी काही करू शकणार नाही. साहेब दुपारी स्वतः येणार आहेत."

"माजी चूक झाली म्याडम," अक्का म्हणाल्या. "पोरींची न्हाई. जेवान मापात येईल."

आम्रपाली गेली आणि सगळ्याजणी अक्कांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. जेवणाचंही सामान साडेतीनच्याच हिशेबानं मागवलेलं! अक्का सरळ साईनाथपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "दादा, तुझा काटा दे. आन् सामान परत मोजून घे."

साईनाथला काय वाटलं कोण जाणे, त्यानं काटा उचलून स्वतः आणून ठेवला. अक्कांनी पायली फडक्यातून काढली. एकेक जिन्नस पायलीत भरायचा, काट्यावर ओतायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. कणीक! मी ओरडले, "सव्वादोन!" सगळ्याजणी मागून म्हणाल्या, "सव्वादोन!" शेंगदाणे! "अडीचला थोडं वर!" रवा? "तीनला कमी!" मीठ ओतलं आणि आकडा जो पळायला लागला, पावणेपाच! द्वारका टाळ्या पिटायला लागली. "आगं, मीठ तर दगडावानी हाय!" साडेतीनच्या हिशेबानं मीठ कमी पडलं असतं आणि शिऱ्याचा डोंगर झाला असता. त्या तळघरात आम्ही आठ बायका शाळेतल्या पोरींसारख्या पाढे घोकत होतो आणि अक्का सगळ्यांत मोठ्या आवाजात! सरकारनं एवढी वर्षं डोकं आपटलं, ते त्या सकाळी एका झटक्यात झालं. जास्तीचा रवा परत कोठारात गेला, जास्तीची कणीक परत गेली.

एकाच ठिकाणी अक्का अडल्या. काट्यावर तांदूळ बरोबर झाले तरी त्यांचा हात थांबेना. आणखी एक ओंजळ टाकायला निघाल्या. मी हात धरला. "अक्का, शीग नको. काट्याला शीग नसते." त्यांच्या हातात तांदूळ तसेच. मग त्यांनी ते हळूच पोत्यात सोडले. फार जड गेलं त्यांना ते, मला दिसलं.

दुपारी वर पंगत सुरू झाली. पंगत कसली, रांगच. चपात्या खालून वर जातायत, भात जातोय, आमटी जातेय, आणि आम्ही पातेल्यांच्या तळाकडे बघून देवाचं नाव घेतोय. दीडशे जेवले. दोनशे जेवले. अडीचशेला आमटी निम्म्याच्या खाली. शेवटचा चष्मेवाला मुलगा ताट घेऊन गेला तेव्हा भाताच्या पातेल्यात दोन डाव, आमटीत एक वाटी, शिरा बोटानं पुसून घेण्यापुरता. घोडं गंगेत न्हालं! शालू तर नाचायलाच लागली. आमचं सातजणींचं आणि अक्कांचं जेवण तेवढं बाजूला झाकून ठेवलं होतं.

आणि मागच्या दारात धोंडिबा काका उभे.

"अक्का, जेवनाचं काय हाय का?" त्यांनी संकोचत विचारलं. त्यांच्या मागं सकाळचीच माणसं. सकाळच्या ताटल्या धुऊन हातात घेतलेल्या.

अक्कांनी आमची झाकलेली ताटं उघडली आणि म्हणाल्या, "हे घ्या." पण आठजणींचं जेवण साठजणांना कुठं पुरणार? झाडणाऱ्या बायकांनी आपसात वाटून घेतलं. बाकीचे "असू द्या, असू द्या" म्हणत माघारी फिरले. काका जाताना म्हणाले, "पोहे झ्याक झालते पन." अक्का दाराला धरून उभ्या होत्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बायडाबाईच्या दारातून माणूस रिकामी ताटली घेऊन गेलं होतं.

नेमकी त्याच वेळी आम्रपाली हसत हसत आली. "मावशी! साहेबांनी स्वतः पातेली बघितली. इतकं मापात याआधी कुणाचंच आलं नव्हतं. काम तुमचं!"

आम्ही असा गलका केला म्हणता! द्वारकानं शालूला उचललं. मी रडायला लागले. बारा महिने! आणि त्या गलक्यात अक्कांचा आवाज आला:

"न्हाई जमायचं म्याडम."

द्वारकानं शालूला खाली ठेवलं.

"ती भाईरची मान्सं मोजनीत घ्या," अक्का म्हणाल्या. "मंग येते. तुमी म्हनाल तेवढ्या गिरॅमात करीन, येक दाना जास्त टाकनार न्हाई. पन मान्सं समदी मोजा. येकाच दारात निम्म्यांना वाढायचं आन् निम्म्यांना माघारी लावायचं, हे माज्यानं व्हायचं न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातोंडाशी आलेला घास! द्वारका दिवाळीनंतर जाणार होती, शालूचे हात भांडी घासून फाटले होते, आणि ही बाई अटी घालतीय! तेलही गेलं, तूपही गेलं! "अक्का, गप बसा हो!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "आपल्या सातजणींचं काय?"

"तुमचंच मनात हाय गं," अक्का म्हणाल्या. "पन आज काका माघारी गेलं, उद्या रोजच जातील. माजा हात चालायचा न्हाई नंदे. चुलीपुढं हुबंच ऱ्हावणार न्हाई."

आम्रपालीनं मागच्या दाराबाहेर एकदा बघितलं. मग म्हणाली, "हे माझ्या एकटीच्या हातात नाही मावशी. विचारून येते." आणि लिफ्टमध्ये शिरली.

ती वेळ कशी गेली ते विचारू नका. मी तर पाठ फिरवून पातेली घासत बसले, एकच पातेलं पुन्हा पुन्हा. द्वारका शेगड्या पुसत होती. साईनाथसुद्धा कोठाराच्या दारात येऊन उभा राहिला होता. अक्का पायली फडक्यात बांधायला लागल्या, त्यांना गाठ मारता येईना.

लिफ्टचं दार उघडलं. आम्रपालीच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"सोमवारपासून या," ती म्हणाली. "वजनं आजच्यासारखीच काटेकोर हवीत. आणि माणसं तीनशे साठ धरा."

अक्कांना ते कळलंच नाही. "तीनशे व्हती न्हवं म्याडम?"

"सकाळी मागच्या दारात पोहे खाल्ले, ते धरून."

अक्का मटकन खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून ढसाढसा रडायला लागल्या. मी घासणीच्या हातानंच धावत गेले आणि लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा माझ्या थोरल्या जावेला मिठी मारली. मागच्या दारातून धोंडिबा काका विचारत होते, काय झालं, काय झालं म्हणून, आणि त्यांना सांगायला द्वारका आणि शालू एकदमच धावत सुटल्या.